मावेल तेवढा मैदा

शंकरपाळ्यांची कृती आईने मला फोनवर सांगितली होती ती अशी: एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध आणि मावेल तेवढा मैदा. मावेल तेवढा म्हणजे किती, असं विचारलं की ती म्हणायची, ‘अगं, हाताला कळतं.’ माझ्या हाताला काही कळत नव्हतं. त्यामुळे श्टुटगार्टला आल्यावर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने नाताळच्या बिस्किटांची कृती बोटं मोजून ‘एक-दोन-तीन’ अशी सांगितली, तेव्हा तिचे पाय धरावेसे वाटले. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम, तीनशे ग्रॅम. झालं. मैद्याच्या पुडीवरसुद्धा ४०५ असा आकडा असतो. शंभर ग्रॅम मैदा जाळला तर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा तो हिशेब! जितका आकडा कमी, तितका मैदा पांढरा.

जर्मनीत या बिस्किटांना प्लेट्सशेन म्हणतात, आमच्या स्वाबियन भागात गुट्सले, आणि साच्याने कापलेली असतील तर आउसश्टेखरले. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आडव्हेंटचे रविवार म्हणतात आणि त्या दिवसांत घरोघरी पत्र्याचे डबे भरायचं काम चालतं. थोडक्यात, दिवाळीचा फराळ. फक्त कढईऐवजी ओव्हन. मुलांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. लहानपणी आमच्याकडे फराळ चालू असताना ‘तेल आहे, लांब व्हा’ आणि ‘नैवेद्य व्हायचाय, हात लावू नका’ ही दोनच वाक्यं कानावर पडायची. ओव्हनचं दार एकदा लावलं की भाजायची भीती संपते आणि बाकीच्या सगळ्या कामाला चार वर्षांचं पोरसुद्धा चालतं. चालतं म्हणजे, ते आपल्याला चालवून घ्यावं लागतं.

गेल्या वर्षीचं सांगते. थोरली सहाची होती, धाकटा तीनचा. एका रविवारी दुपारी दोनला सुरू करून पाचपर्यंत सगळं आटपायचं असा माझा बेत होता. कणीक भिजवली, थंड न करताच लाटायला घेतली. लोण्याचं प्रमाण एवढं की लाटण्याला, ओट्याला, धाकट्याच्या भुवयांना, जिथे जागा मिळेल तिथे ती चिकटली. मग मी वरून मैदा भुरभुरला, आणखी भुरभुरला. पहिला ट्रे बाहेर काढला तर बिस्किटं मऊ. कच्ची राहिली म्हणून परत आत ढकलली. ती कच्ची नव्हतीच. नानकटाई गरम असताना मऊ असते आणि निवताना कडक होते, हे मला लहानपणापासून माहीत, पण इंग्रजी-जर्मन नावाचं काही समोर आलं की आपलं शहाणपण कुठे जातं कोण जाणे. दुसऱ्या ट्रेवरच्या गरम बिस्किटांवर मुलांनी आयसिंग ओतलं, ते वितळून कागदावर पसरलं. मोजून वीस मिनिटांनी दोघंही दिवाणखान्यात गाड्या खेळायला निघून गेले. रात्री दहा वाजता मी एकटी ओट्यापाशी उभी राहून चाळीस ताऱ्यांना पांढरी किनार काढत होते, आणि नवरा दारातून म्हणाला, ‘हे नक्की कुणासाठी चाललंय?’ त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

या वर्षी आई आली होती. नव्वद दिवसांच्या व्हिसावर, भर थंडीत, स्वेटरवर स्वेटर घालून. आई अंडं खात नाही. त्यामुळे कणकेत एरवी पडणाऱ्या अंड्याला फाटा आणि त्याऐवजी दोन चमचे गार दूध, एवढा बदल पहिल्याच दिवशी ठरला. अंडं नसलं तर कापताना कडा जरा जास्त तुटतात, बाकी काही बिघडत नाही. दुसरा बदल मी केला. सगळं काम तीन दिवसांत वाटून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी कणीक, शनिवारी कापणं-भाजणं, रविवारी सजावट. मुलांचा उत्साह वीस मिनिटं टिकतो ना, मग रोजची वीस मिनिटं घ्यायची.

शुक्रवारी वजनकाटा मध्ये ठेवला. थोरलीला आकडे वाचता येतात, धाकट्याला ओतता येतं, कामाची वाटणी आपोआप झाली. मैदा तीनशे तीन ग्रॅम झाला. मी म्हटलं, राहू दे. पण तिने चहाचा चमचा आणला आणि चिमूट-चिमूट काढत तीन ग्रॅम परत पुडीत टाकले. आई बघत होती. ‘ही पूर्ण इकडचीच झाली गं,’ म्हणाली. गार लोण्याचे तुकडे मैद्यात चोळायचं काम मात्र आईने स्वतःकडे घेतलं आणि दोघांचे हात धरून शिकवलं. ‘मुठीत दाबायचं. मुटका वळला पाहिजे.’ मुटका वळला, आणि लगेच तिची शंका निघाली, ‘मोहन फार झालंय. हे तेलात टाकलंस तर विरघळून तळाशी बसेल.’ बरोबर होतं तिचं. म्हणून तर हे भाजायचं.

कणकेचा गोळा न ठेवता तळहाताएवढ्या जाड थापट्या केल्या, म्हणजे आतपर्यंत लवकर गार होतात आणि लाटायलाही त्रास कमी. चार थापट्या, कागदात गुंडाळून, डब्यात घालून बाल्कनीत. डिसेंबरात आमची बाल्कनी हा घरातला सगळ्यात मोठा फ्रीज असतो. कच्ची कणीक चाटायची नाही, हे दोघांना दहा वेळा सांगितलं. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, तो भाजल्याशिवाय खायचा नाही असं इथली अन्नसुरक्षेची सरकारी संस्थाही सांगते. तरी धाकट्याची हनुवटी पांढरी होती. विचारलं नाही.

दालचिनीवरून मात्र घरात जरा वाजलं. आईने पुण्याहून पाव किलो दालचिनी आणली होती आणि ती बिस्किटांत घालायचा तिचा आग्रह होता. इथे दालचिनीचे तारे हा नाताळचा मानाचा प्रकार, पण मी नको म्हणत होते. आपल्या बाजारात बहुतेक वेळा मिळते ती जाड सालीची कॅशिया, आणि तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, जे फार झालं तर काही जणांच्या यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपात दालचिनीच्या सणाच्या बिस्किटांत एका किलोला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कुमारिन चालत नाही. रोज किती कुमारिन पोटात गेलं तर चालतं ते प्रमाण धरलं तर पंधरा किलोच्या मुलाला तशा बिस्किटांची मजल दिवसाला तीस ग्रॅमपर्यंतच जाते. आमच्या धाकट्याचं वजन सोळा किलो आणि तो बसल्या बैठकीला दहा तारे संपवणार. श्रीलंकेची पातळ, सिगारसारखी थरांवर थर गुंडाळलेली दालचिनी असते तिच्यात हे द्रव्य नगण्य असतं, पण ती घरात नव्हती. आई म्हणाली, ‘आम्ही जन्मभर हीच खाल्ली.’ मी म्हटलं, ‘अगं, आपण मसालेभातात तुकडा टाकतो आणि ताटात आला की बाजूला काढतो. इथे चमचे भरभरून घालतात.’ तिला पटलं नाही. पण दालचिनीच्या ताऱ्यांत अंड्याचा पांढरा भाग लागतो हे कळल्यावर तिने विषय स्वतःहूनच सोडला. गोडा मसाला करू, म्हणाली.

शनिवारी एक थापटी आत आणायची, बाकीच्या तीन बाहेर, असं चाललं. दोन बेकिंगच्या कागदांमध्ये ठेवून लाटलं की वरून मैदा लागत नाही. जाडी थालीपिठाइतकी. लाटणं आईच्या हातात होतं, ते तिने कुणाला दिलं नाही.

आता साचे. धाकट्याचा साचा खेकड्याचा. खेकडा नाताळात कुठून आला विचारू नका, समुद्रावरून आणलेल्या वाळूच्या खेळण्यांमधला होता आणि त्याला तोच हवा होता. धुऊन दिला. तर, एवढी मोठी पोळी लाटून समोर ठेवल्यावर त्याने खेकडा कुठे उमटवावा? बरोब्बर मध्यभागी. कडेने सुरुवात कर, म्हणजे जास्त बसतील, हे मी दोन प्रकारे सांगून पाहिलं. दुसऱ्या पोळीचंही तेच. मग लक्षात आलं की त्याला किती बसतात याच्याशी काही देणंघेणं नाहीये. त्याला एक खेकडा करायचाय आणि त्याच्या मते खेकड्याची जागा मध्ये आहे. थोरली मात्र त्या खेकड्याच्या भोवतीने तारे, चंद्र, झाडं अशी चिकटवून चिकटवून बसवत होती, टोकाला टोक. दोघांची कामं एकमेकांना इतकी पूरक होती की मी तोंड बंद ठेवलं.

राहिलेल्या चिंध्या पुन्हा मळून लाटल्या तर पहिल्यांदा बरं असतं, दुसऱ्यांदा बिस्किटं कडक होतात, आणि मुलांच्या हातून तिसऱ्यांदा मळली गेली तर कणकेला उंदरासारखा रंग येतो. गेल्या वर्षी आमच्याकडे असे नऊ उंदीर झाले होते. यावर आईने उपाय काढला. तिच्या बॅगेत पितळी कातणं होतं. करंज्यांचं. ते तिने का आणलं होतं हे तिलाच माहीत, पण आणलं होतं. थोरलीच्या हातात देऊन तिने चिंध्यांना तिरक्या रेघा मारायला लावल्या. कातण्याचं चाक फिरताना एक बारीक करकर आवाज येतो आणि मागे नागमोडी कड उमटत जाते. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा कातणं हातात धरलं असेल. सुरुवातीला दाबून कागदही कापला, मग हलकं चालवायला शिकली. चिंध्यांच्या शंकरपाळ्या झाल्या आणि परत मळायला काही उरलंच नाही.

भाजताना एकच गोष्ट पाळली: एका ट्रेवर एकाच मापाची. चिमुकले तारे आणि मोठी झाडं एकत्र ठेवली की झाडं होईपर्यंत तारे काळे. वरून-खालून उष्णतेवर १८० अंश, ताऱ्यांना नऊ मिनिटं, मोठ्यांना अकरा-बारा. कडेला सोनेरी रेघ दिसली की बाहेर, मग मऊ का असेनात. धाकटा ओव्हनसमोर मांडी घालून बसला होता आणि काचेतून खेकड्यांना हाका मारत होता. एकूण छप्पन्न झाली. त्यातले खेकडे तीन.

त्याच संध्याकाळी जोशात व्हॅनिलेकिपफर्लही केली. बदामाची पूड, लोणी, मैदा, साखर. अंडं मुळात नसतंच. चंद्रकोरीच्या आकाराची आणि इतकी ठिसूळ की बोट लागलं तर मोडतात. ती गरम असतानाच पिठीसाखरेत घोळायची असतात. मुलांनी घोळली. म्हणजे पिठीसाखरेत मुलंही घोळली. धाकट्याच्या पाळणाघरात सुका मेवा न्यायला बंदी आहे, तेव्हा हा डबा घरच्यांसाठी, असं म्हणून मी निश्चिंत झोपले.

रविवारी सकाळी सजावटीची मांडामांड केली आणि पिठीसाखरेची पुडी उघडली तर तळाशी चमचाभर. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. नुसता शटर अर्धं ओढलेला वाणी नाही, गल्लीच्या टोकाला मागच्या दाराने देणारा नाही. बंद म्हणजे बंद. आई म्हणाली, ‘मिक्सरला लाव ना साखर. त्यात काय एवढं?’ त्यात एवढं होतं की आमचा मिक्सर पुण्याचा आहे, साडेसातशे वॅटचा, आणि इथे रविवार हा शांततेचा दिवस. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या टाकीत टाकायच्या नाहीत. पण मुलं रंगीत मोत्यांचे डबे उघडून बसली होती. मी खिडक्या लावल्या, मिक्सरखाली दुमडलेला टॉवेल ठेवला, मनातल्या मनात माफी मागितली आणि खटका फिरवला.

तीन वेळा फिरवून झाला आणि दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी. केस नीट बसवलेले, अंगात एप्रन. ‘आज रविवार आहे,’ एवढंच म्हणाल्या. मी सॉरी म्हणायच्या आत धाकटा माझ्या पायांमधून पुढे झाला आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाला, ‘आम्ही साखर दळतोय.’

‘साखर दळताय?’

त्या आत आल्या. बहुधा रागापेक्षा कुतूहल जास्त झालं असावं. वाडग्यातली साखर त्यांनी चिमटीत घेतली, बोटांनी चोळली. रवाळ होती. घरी दळलेल्या साखरेत कण राहतातच आणि लिंबाच्या रसात कालवली की ते आयसिंग वाळूसारखं लागतं. आजींनी मान हलवली, तेवढ्यात त्यांचं लक्ष जाळीवर वाळत ठेवलेल्या कातण्याकडे गेलं. उचललं, चाक बोटाने फिरवून पाहिलं. ‘टाइगरेडले!’ म्हणाल्या. टाइग म्हणजे कणीक, रेडले म्हणजे छोटं चाक. मग काही न बोलता खाली गेल्या. आई मला म्हणाली, ‘चिडल्या का गं?’ पाच मिनिटांनी त्या परत आल्या त्या एका हातात पिठीसाखरेची अख्खी पुडी आणि दुसऱ्या हातात त्यांचं स्वतःचं टाइगरेडले घेऊन. लाकडी मुठीचं, चाक लोखंडी, मूठ धरून धरून काळी झालेली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. आईला जर्मन येत नाही, आजींना मराठी येत नाही. दोघींनी एकमेकींचं कातणं हातात घेऊन टेबलावरच्या कागदावर चालवून पाहिलं. आईचा निकाल माझ्यामार्फत कळवण्यात आला: ‘त्यांचं हलकं चालतं, पण आपल्याची नक्षी चांगली.’ मी अर्धाच अनुवाद केला.

आजी बसल्या त्या बसल्याच. पिठीसाखर आधी चाळून घ्यायला लावली. अडीचशे ग्रॅमला लिंबाचा रस तीन चमचे, चौथा अगदी थेंबाथेंबाने. चमचा उचलल्यावर पडणारी धार वाडग्यातल्या पृष्ठभागावर दहा आकडे म्हणेपर्यंत दिसली तर किनारीसाठी ठीक, लगेच मिसळून गेली तर आतल्या भरावासाठी ठीक. अंड्याच्या पांढऱ्या भागाचं आयसिंग जास्त कडक वाळतं, पण लहान मुलांना कच्चं अंडं नको आणि आईला तर कोणतंच नको. ही धारेची परीक्षा आईला लगेच कळली. पाक करणाऱ्या बाईला काय शिकवायचं.

आयसिंगची पिशवी फाटली तेव्हा आईने बेकिंगच्या कागदाचा कोन वळला. मेंदीचा वळतात तसा, टोकाशी सुई जाईल एवढंच भोक, मागून दुमडून टाचणीऐवजी चिकटपट्टी. आजी बघतच राहिल्या. थोरलीने पहिल्या ताऱ्यावर किनार काढली, ती थरथरली. दुसऱ्यावर आईने तिला पाच ठिपके देऊन दाखवले आणि ते जोडायला सांगितलं. त्यानंतर तिने एकही झाड, एकही चंद्र तसा सोडला नाही. सगळ्यांवर ठिपक्यांची रांगोळी. नाताळच्या झाडावर पाच-ते-तीनची रांगोळी मी तरी आधी पाहिली नव्हती.

धाकट्याने त्या पूर्ण दुपारी एकच बिस्किट सजवलं. त्याच्यापुढे रंगीत साखरेच्या मोत्यांचा डबा होता. इथे त्यांना लीबेसपेर्लेन म्हणतात, शब्दशः प्रेमाचे मोती. दिसायला आपल्या मुखवासातल्या रंगीत गोळ्यांसारखे. तो करंगळी जिभेला लावायचा, मोत्यावर टेकवायचा, मोती चिकटला की खेकड्याच्या पाठीवर नेऊन दाबायचा. पुन्हा करंगळी जिभेला. मी ‘चमचा घे’ म्हणायला तोंड उघडलं आणि आईने माझ्या मांडीला चिमटा काढला. निळे सगळे एका नांगीवर, लाल दुसरीवर. पिवळे नकोत. डोळ्यांच्या जागी दोन हिरवे बसवताना त्याने श्वास रोखून धरला होता. बाकीचे दोन खेकडे त्याने तसेच, साधे, खाऊन टाकले. मोजले नाहीत, पण चाळीसेक मोती असतील. माझं वीस मिनिटांचं गणित त्याने साफ खोटं पाडलं. दीड तास तो जागचा हलला नाही.

निघताना आजींनी वर आणलेल्या डब्यातलं एक श्प्रिंगरले आईपुढे धरलं. कोरीव लाकडी साच्यात दाबून चित्र उठवलेलं, पांढरंशुभ्र. त्याची कणीक कापून रात्रभर वाळत ठेवतात, मग भाजताना वरचं चित्र तसंच राहतं आणि खालून फुगून त्याला पाय फुटतात. पाय फुटले नाहीत तर बाई नापास. त्यात अंडं असतं हे मी आईला हळूच सांगितलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, नाकाशी नेलं. ‘बडीशेपेचा वास येतोय की,’ म्हणाली आणि माझ्या हातावर ठेवलं. आजींनीही तो वास ओळखीचा निघाला हे तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. आयसिंग पूर्ण वाळायला रात्र जाऊ दे, डबा लगेच बंद करू नका, थरांमध्ये कागद घाला, एवढं बजावून त्या गेल्या. आणि मिक्सर सोमवारी लावा, हेही.

आईचा व्हिसा जानेवारीत संपला. जाताना डब्यात तळाशी राहिलेल्या बारा-तेरा शंकरपाळ्या तिने पुण्याला नेल्या. त्या पोचल्या, मावशीने खाल्ल्या, मावशीला आवडल्या. परवा आईशी व्हिडिओवर बोलत होते तर मध्येच मावशीचा फोन आला, कृती विचारायला. आईने तो उचलला आणि मला ‘थांब हं’ म्हणून समोर तसंच ठेवलं.

‘अगं सोप्पं आहे,’ ती मावशीला सांगत होती. ‘एक वाटी साखर. दोन वाट्या लोणी, पण गार हवं. दोन चमचे दूध.’

मी इकडून हाताची तीन बोटं नाचवत होते. तीन, तीन, वजनाने.

‘मैदा ना?’ आईने माझ्या बोटांकडे एकदा पाहिलं. ‘मैदा मावेल तेवढा.’